नोकरी सांभाळून समुपदेशक व्हायचंय? फी विचारण्याआधी तास विचारा

नमस्कार. शाळेत शिकवणारे, बँकेत बसणारे, एचआरमधले, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारे, अशा बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: शनिवार-रविवारी करता येईल असा समुपदेशनाचा चांगला कोर्स कुठला? आज आम्ही 'हाच कोर्स करा' असं सांगणार नाही. कोर्स पारखायचा कसा, ते सांगणार आहोत. आणि त्याची एकच कसोटी आहे. हातातलं सर्टिफिकेट मिळवण्यासाठी तुम्ही खऱ्या क्लायंटसोबत किती तास बसलात, आणि त्या तासांवर जाणत्या माणसाची नजर होती का?

आधी कायद्याचं बोलू, कारण गेल्या काही वर्षांत इथे बरंच बदललंय आणि जुनी माहिती अजून फिरते आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ, हे बिरुद आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. १९९२ च्या कायद्यात त्याला शिक्षा आहे. हे शिक्षण आरसीआयने मान्यता दिलेल्या संस्थेतच होतं आणि ते पूर्णवेळ असतं. नोकरी करून, रविवारी जाऊन ते होत नाही. कुणी तसं विकत असेल तर फोन ठेवा.

समुपदेशक आणि बाकीचे मानसशास्त्रज्ञ येतात २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली. त्यात शिक्षण किमान किती तासांचं हवं याचे दोन आकडे दिलेत, ते लिहून घ्या.

(स्क्रीनवर: संलग्न आरोग्य व्यावसायिक – किमान २,००० तास, २ ते ४ वर्षं. आरोग्यसेवा व्यावसायिक – किमान ३,६०० तास, ३ ते ६ वर्षं.)

राज्य परिषदांमार्फत नोंदणीची व्यवस्था उभी राहते आहे. आता या आकड्यांशेजारी तो 'आठ रविवारांत प्रोफेशनल काउन्सेलर' वाला कोर्स ठेवून बघा. आठ रविवार, रोज सहा तास, झाले ४८. त्यात ऐकून घ्यायला शिकाल, स्वतःबद्दल थोडं कळेल, तेवढ्यापुरता तो वाईट नाही. पण त्यावर कुणी व्यवसाय उभा करू नये.

दुसरा बदल आणखी महत्त्वाचा आहे. नोकरदारांची नेहमीची वाट होती दूरस्थ पद्धतीने एमए मानसशास्त्र. इग्नूच्या एमएमध्ये तर समुपदेशनाचा वेगळा गटही होता. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. तेव्हा 'घरबसल्या एमए सायकॉलॉजी, प्रवेश सुरू' अशी नवी जाहिरात दिसली, तर विद्यापीठाच्या वेबसाइटवर त्याच सत्राची यूजीसी मान्यता बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

मग अर्धवेळ वाटा उरल्या कुठल्या?

तुमचं एमए मानसशास्त्र झालेलं असेल तर तुमचं बरंच सोपं आहे. एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी, असे कोर्स पुण्या-मुंबईत आहेत. निवड कशी करायची ते पुढे येतंय.

पदवी दुसऱ्या विषयातली असेल तर नियमित एमए किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करावी लागेल. इथे कॉलेजचं वेळापत्रक बघायचं. काही ठिकाणी तासिका सकाळी लवकर संपतात, आणि ऑफिसशी उशिरा येण्याचं बोलणं झालं तर दोन वर्षं निभावता येतात. हजेरीचं मात्र आधीच स्पष्ट विचारा. 'येत जा जमेल तसं' असं तोंडी सांगणारं कॉलेज परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी हजेरीचा नियम दाखवतं.

शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. रचना अशी: सहा महिने घरी राहून अभ्यास, तीन महिने संस्थेत प्रत्यक्ष, तीन महिने इंटर्नशिप. अडतं ते मधल्या तीन महिन्यांवर. रजेचा अर्ज आणि संस्थाचालकांची लेखी परवानगी हे काम प्रवेशाआधीचं आहे.

शाळा-कॉलेजांत मागणी वाढायला एक कारणही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याचं मुलां-किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. 'पात्र' या शब्दाकडे लक्ष ठेवा.

आता तासांकडे येऊ. मापासाठी ब्रिटनचं उदाहरण घ्या, कारण तिथे अर्धवेळ शिकून समुपदेशक होणं ही रुळलेली वाट आहे. तिथली बीएसीपी ही समुपदेशकांची संघटना वर्गात बसून किमान एक वर्ष पूर्णवेळ किंवा दोन वर्षं अर्धवेळ शिक्षण मागते, आणि त्यासोबत सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली, खऱ्या क्लायंटसोबत १०० तास. वर्गमित्रासोबत केलेला रोल-प्ले त्या शंभरात धरत नाहीत.

हे शंभर तास नोकरदार माणसाला कसे जमतात? आठवड्याला दोन क्लायंट धरा. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यातून गणपती, दिवाळी, परीक्षा, लग्नसराई आणि ऐनवेळी न येणारे क्लायंट वजा करा. चाळीस आठवडे हाती लागले तर ८० तास होतात. म्हणजे नुसत्या शंभर तासांना सव्वा वर्ष. सेशन पन्नास मिनिटांचं, त्यानंतर नोंदीला वीस मिनिटं. वर्ग, वाचन, सुपरव्हिजन, प्रवास धरला की आठवड्याचे दहा-बारा तास जातात. कल्याण-कर्जतहून दादरला येणार असाल तर त्याहून जास्त. घरच्यांना हा हिशेब पहिल्याच दिवशी दाखवा. अर्धवेळ शिकणारा अभ्यास कठीण म्हणून क्वचितच सोडतो. रविवार गेला म्हणून घरात कुरबुर सुरू होते आणि तिथे सुटतं.

संस्थेला फोन कराल तेव्हा फी शेवटी विचारा. आधी विचारा, खरे क्लायंट कोण मिळवून देणार, संस्था की मी? 'तुम्ही तुमचं बघा' असं उत्तर आलं तर कोर्सचा सगळ्यात अवघड भाग तुमच्याच गळ्यात आला. सुपरव्हिजनच्या गटात किती जण? सहाच्या वर असतील तर तुमच्या केसला महिनोन् महिने पाळी येणार नाही. सुपरव्हायझर सेशनचं रेकॉर्डिंग ऐकतात का, की तुम्ही तोंडी सांगाल तेवढंच? हा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण आपण सेशनमध्ये काय केलं ते सांगताना प्रत्येक जण नकळत शहाण्यासारखं सांगतो, रेकॉर्डिंग तसं करत नाही. शेवटचं, सर्टिफिकेटवर कुणाची सही, विद्यापीठाची की संस्थेची? 'आयएसओ प्रमाणित' या शिक्क्याला भुलू नका. तो संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतो, समुपदेशन शिकवण्याच्या दर्जाबद्दल नाही.

वर्गात नेमकं शिकवतात काय? सिद्धांत आहेतच. व्यक्तिकेंद्रित समुपदेशन मांडणारे कार्ल रॉजर्स येतात. अल्बर्ट एलिसचा आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचार, येतो. त्यावर मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांच्यामुळे मराठीत चांगलं वाचायला मिळतं. पण खरं काम चालतं तिघांच्या गटात. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक, आणि वीस मिनिटांनी पाळी बदलते.

इथे बहुतेकांचं काय चुकतं ते एका उदाहरणाने बघू. क्लायंट म्हणते, "ऑफिस सुटलं की घरी जावंसंच वाटत नाही. सासूबाईंचं काही ना काही चालू असतं." शिकाऊ समुपदेशक लगेच म्हणतो, "अहो, मनाला लावून घेऊ नका, घरोघरी असंच असतं." झालं. हा सल्ला तिला शेजारच्या काकूंनी फुकट दिलेला आहे. दुसरा जरा शिकलेला असतो, तो विचारतो, "पण तुम्ही त्यांना सांगत का नाही?" 'का' म्हटलं की माणूस खुलासा द्यायला लागतो, आरोपीसारखा. तिसरा म्हणतो, "सहा वाजले की घरच्या विचाराने पोटात गोळा येतो." आणि थांबतो. ती पुढचं स्वतः सांगते. कदाचित असंही सांगते, की प्रश्न सासूबाईंचा नाहीच, नवरा त्या वेळी गप्प बसतो त्याचा आहे. आधीच्या दोन्ही उत्तरांत हे बाहेर आलंच नसतं.

ही सवय लागते ती शब्दशः लिहून काढल्याने. क्लायंटच्या लेखी परवानगीने सेशन रेकॉर्ड करायचं, त्यातली दहाच मिनिटं निवडायची आणि तीन रकाने करायचे: क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं. दहा मिनिटांना दोन तास सहज जातात. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. मग आपल्या वाक्यांतले प्रश्न मोजा. वीस वाक्यांत पंधरा प्रश्न निघाले तर ती चौकशी झाली. तिसऱ्या रकान्यात वारंवार 'आता पुढे काय विचारू' असं येत असेल, तर तुम्ही ऐकत नव्हता.

आणि सराव मराठीतच करा. पुस्तकं इंग्रजीत, वर्ग निम्मा इंग्रजीत, त्यामुळे शिकलेलं वाक्य तोंडात भाषांतर होऊन येतं. 'मला असं ऐकू येतंय की तुम्ही दुःखी आहात' असं कुणी माणूस बोलत नाही. क्लायंट 'डिप्रेशन' म्हणेलच असं नाही. तो म्हणेल छातीवर दडपण येतं, कशात जीव रमत नाही, डोकं भणभणतं. लोक त्रासाला काय काय म्हणतात याची वही ठेवा.

सराव कुणावर करायचा नाही, तेही ऐका. बहिणीवर नाही, ऑफिसमधल्या मित्रावर नाही. शिक्षक असाल तर ज्यांचे पेपर तुम्ही तपासता त्या मुलांवर नाही. एचआरमधल्यांनी आपल्याच कंपनीतल्या माणसाला समुपदेशन करू नये, कारण ज्याच्या हातात अप्रेजलची फाइल आहे त्याच्यासमोर कोण मन मोकळं करेल? आणि केलंच, तर नंतर दोघांनाही ते जड जातं.

पहिला क्लायंट येण्याआधी मराठीत एक पानाचा संमतीचा कागद तयार हवा. त्यात लिहायचं: मी प्रशिक्षणार्थी आहे, केसची चर्चा सुपरव्हायझरशी होईल, सेशन किती वेळाचं, फी किती, न येणार असाल तर किती तास आधी कळवायचं. आणि गुप्ततेच्या मर्यादा. जिवाला धोका असेल, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं असेल, तर गोष्ट खोलीबाहेर जाते. शेवटच्या बाबतीत पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. 'मुलीच्या घरचे नको म्हणाले' ही सबब चालत नाही. अशी केस आली की त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करायचा.

आत्महत्येच्या विचारांबद्दल नवखा समुपदेशक विचारायला कचरतो. विचारलं तर डोक्यात भरेल, अशी भीती असते. विचारल्याने विचार पेरला जात नाही. सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" हो म्हटलं तर ते कितपत आणि कितीदा येतं, काही ठरवलंय का, आज घरी सोबत कोण आहे हे विचारायचं. शेतीवाल्या घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हेही. मग घरच्यांना सोबत घेऊन ते कुलपात किंवा घराबाहेर हलवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो क्लायंटच्या हातात द्या. सेशन ऑनलाइन असेल तर सुरुवातीलाच विचारायचं, आत्ता कुठल्या पत्त्यावर आहात आणि जवळच्या कुणाचा नंबर द्याल. नंतर विचारायला वेळ उरत नाही.

नैराश्याची लक्षणं तपासणारी पीएचक्यू-९ सारखी प्रश्नावली शिकवली जाईल. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायचं. मात्र एकूण गुण कमी असले तरी नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या, प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर त्याच सेशनमध्ये त्यावर बोलायचं. आणि ही चाळणी आहे, तुम्ही निदान केलं असं होत नाही. भास, सलग अनेक रात्री झोप नसूनही ओसंडणारा उत्साह, दारू अचानक बंद केल्यावरची थरथर, ही डॉक्टरांची कामं आहेत. गोळ्या बंद करा किंवा कमी करा, असं समुपदेशकाने कधीही सांगायचं नाही.

कोर्स संपला की पाटीचा प्रश्न येतो. 'समुपदेशक' लिहा, खाली पदवी आणि विद्यापीठ लिहा. 'क्लिनिकल' हा शब्द नको, पीएचडी नसेल तर नावापुढे 'डॉ.' नको, 'थेरपी तज्ज्ञ' सारखं मोघमही नको. आणि खोलीचं भाडं काढताना महिन्याच्या खर्चात सुपरव्हिजनची फी पहिल्यापासून धरा, कारण काम सुरू झाल्यावरही महिन्याला दीड तास सुपरव्हिजन लागतंच. सुरुवातीचं वर्षभर नोकरी सोडू नका. आठवड्याला सहा-सात क्लायंट टिकून राहू लागले की मग नोकरीचा विचार करा.