तोच तपकिरी रंग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली पॅथॉलॉजी लॅब. आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलोय. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेला हा बर्फाचा डबा. आत सलाइनने भिजवलेला गॉझ, त्यावर तांदळाच्या कणीएवढा तुकडा. बाळाच्या गुदाशयाचा. हा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, बुडवलेला चालत नाही. फॉर्मॅलिनमधला दुसरा तुकडा वेगळ्या बाटलीत आलाय.

बाळाने पहिली काळी शी दोन दिवसांत करायला हवी. याने केली नाही. पोट फुगलं, हिरवी उलटी झाली.

आतड्याची हालचाल सांभाळणाऱ्या गँगलियॉन पेशी गर्भात वरून खाली सरकत येतात. साधारण ५,००० बाळांत एकाच्या त्या वाटेतच अडकतात, आणि खालचं आतडं आवळलेलंच राहतं. कोपनहेगनच्या डॉ. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली हा आजार मांडला. गंमत अशी, की त्यांची नजर वरच्या फुगलेल्या आतड्यावर होती. खोट होती खालच्या भागात, जो दिसायला बरा होता.

आता लॅब टेक्निशियन असलेल्या या ताईंचे हात बघा. क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवून पातळ काप घेणारं यंत्र. आत उणे २० अंश. गोठलेल्या तुकड्याचा काप ब्लेडवर येतो, लगेच वळायला बघतो. ब्रशच्या टोकाने त्या तो सपाट धरतात आणि काचेवर उचलतात. फाटला, तर पुन्हा. तुकडा मात्र एवढाच आहे.

स्लाइड रसायनात जातात. अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम जिथे असेल तिथे तपकिरी रंग धरतो. हे मज्जातंतूंचे जाड, दाट तपकिरी धागे दिसतायत ना? निरोगी बाळात इतके नसतात. मग फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर कॅलरेटिनिन या प्रथिनाची चाचणी. इथेही रंग तपकिरीच, पण अर्थ उलटा: निरोगी आतड्यात बारीक तपकिरी तंतू उमटतात. या स्लाइडवर काहीच नाही.

मायक्रोस्कोपखाली एक गँगलियॉन पेशी सापडली, की तेवढ्या भागापुरती शंका फिटते. ‘नाहीतच’ असं लिहायचं तर मात्र कापामागून काप पाहावे लागतात, डझनावारी. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. काप घेणाऱ्या ताईंचं नाव त्यावर कुठेच नसतं. हे आम्हाला खटकलं.

निदान पक्कं झालं. सर्जन पेशी नसलेला भाग काढून वरचं निरोगी आतडं खाली ओढून जोडतील. उशीर झाला तर आतड्याचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही.