फाल्गुनातली शेखावाटी

श्रोतेहो, नमस्कार.

माटुंग्याला रुईया आणि पोदार ही दोन कॉलेजं शेजारीशेजारी उभी आहेत. वर्ध्याला बजाजवाडी आहे. ही नावं आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की ती आली कुठून, हे विचारायचं राहूनच जातं. रुईया रामगढचे, पोदार नवलगढचे. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९चा, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. तिथून ते वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आले. बिर्ला पिलानीचे. राजस्थानातल्या सीकर, झुंझुनू आणि चुरू या जिल्ह्यांच्या वाळूत ही सगळी गावं विखुरली आहेत. या मुलखाला शेखावाटी म्हणतात. पंधराव्या शतकातल्या राव शेखाचं हे नाव.

एके काळी गुजरातच्या बंदरांतून दिल्लीकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. इथल्या ठाकुरांनी जकात कमी ठेवली आणि व्यापारी आणून वसवले. पुढे इंग्रजांची बंदरं वाढली, रेल्वे आली आणि तांड्यांची वाट ओस पडली. मग हे शेठ कलकत्त्याला आणि मुंबईला गेले. बायकामुलं आणि घरदार मात्र मागेच राहिलं. तिकडे कमावलेला पैसा गावाकडे येऊ लागला. विहिरी, जोहड म्हणजे पाण्याचे तलाव, धर्मशाळा, देवळं, छत्र्या म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या घुमटी त्यातून उभ्या राहिल्या. आणि हवेल्या. साधारण १८३० ते १९३० या शंभर वर्षांत शेखावाटीतल्या गावागावांतल्या भिंती रंगल्या.

हवेलीची रचना आपल्या दोन चौकी वाड्यासारखी आहे. बाहेरच्या चौकात पुरुषांचा वावर, बैठकीत गादी-तक्के, छताला दोरीनं ओढायचा पंखा. आतला चौक बायकांचा. पण वाई-मेणवलीकडे भिंतीवरची चित्रं पाहायला वाड्याच्या आत जावं लागतं. इथे रस्त्यावरच्या भिंतीसुद्धा चित्रांनी भरलेल्या. मला याचं कारण उघड दिसतं. ज्याच्या पैशानं घर बांधलं, तो राहणार मुंबईत, येणार लग्नकार्यापुरता. त्याचं बरं चाललंय, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?

ही चित्रं काढणारे चेजारे. बहुतेक कुंभार जातीचे. भिंत बांधायची तीही त्यांनी आणि रंगवायची तीही त्यांनीच. दही घालून चुना मुरवायचा, चाळायचा, त्याचे थरावर थर द्यायचे. शेवटचा थर ओला असतानाच रंग भरायचा, म्हणजे तो चुन्यात मुरतो. मग छोट्या थापीनं ठोकायचं, अकीकाच्या दगडानं घोटायचं आणि वरून खोबरं चोळायचं. जिथे हे सगळं मनापासून झालंय, तिथे आजही भिंतीवरून हात फिरवला तर गारगार, गुळगुळीत लागतं. पण हात फिरवू नका. सगळेच फिरवतात, म्हणून तर कमरेच्या उंचीची चित्रं आधी पुसली गेली.

रंगांकडे मात्र नीट पाहा. परशरामपुऱ्याला ठाकूर शार्दूलसिंहांची १७५०ची छत्री आहे. तिच्या घुमटाच्या आत मातीचे आणि काजळीचेच रंग आहेत, तांबडा, तपकिरी, काळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून रासायनिक रंग येऊ लागले आणि भिंतींवर भडक निळा आला. म्हणून एखाद्या हवेलीवर निळा ठसठशीत दिसला की ती अलीकडची समजायला हरकत नाही. विषयही बदलत गेले. आधी राम, कृष्ण, उंटावरून पळून जाणारे लोककथेतले प्रेमी ढोला-मारू. मग आगगाडी, मोटार, ग्रामोफोन, टोपीवाले साहेब. यातल्या बऱ्याच वस्तू चेजाऱ्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नसणार. कुठल्या तरी छापील चित्रावरून किंवा शेठनं सांगितलं त्यावरून त्यानं डबे काढले आणि त्यांना घरासारख्या खिडक्या दिल्या. मला देवादिकांपेक्षा या आगगाड्या जास्त आवडतात.

पाहायला जायचं तर फाल्गुनात जा. हिवाळ्यात फतेहपूरला पारा शून्याखाली उतरतो आणि उन्हाळ्यात चुरू तापतं ते पन्नासच्या आसपास. मधले चारसहा आठवडे तेवढे माणसाचे. मोहरी कापणीला आलेली असते. रोहिड्याला केशरी फुलं येतात. खेजडी म्हणजे आपली शमी, ती बांधाबांधावर असते. होळीच्या आधी संध्याकाळी चौकाचौकांत चंग म्हणजे डफ वाजायला लागतात आणि धमाल, म्हणजे होळीची गाणी, गायल्या जातात. रात्री गींदड: मधे नगारा, भोवती दोन्ही हातांत काठ्या घेतलेल्या पुरुषांचा गोल फेर. काहीजण बायकांचा वेश घेऊन नाचतात. होळी झाली की मुली तिच्या राखेपासून गणगौर, म्हणजे गौरीची पूजा, मांडतात. एरवी ज्या गल्लीत कुलूपबंद दरवाजांखेरीज काही दिसत नाही, तिथे या दिवसांत जाग असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फाल्गुन शुद्ध एकादशीच्या आसपास खाटूश्यामजी या देवस्थानाची जत्रा असते. रिंगसपासून निशाणं घेऊन माणसं पायी जातात आणि त्या बाजूला ना गाडी मिळत, ना खोली.

बऱ्याच जणांचा मुक्काम मंडाव्याला पडतो. तिथे सोयी आहेत, पण पाहुण्यांची वर्दळही तितकीच. मी नवलगढ सुचवेन. पोदार हवेलीत चित्रं पुन्हा रंगवून ताजी केली आहेत. मोरारका हवेलीत जुनी चित्रं फक्त स्वच्छ करून ठेवली आहेत. दोन्ही एकाच सकाळी पाहा. मला दुसरी पटली. महणसर गावातल्या ‘सोने की दुकान’ नावाच्या जुन्या वास्तूला वाट वाकडी करून जाच. तिथे छतावर सोन्याच्या वर्खात रामायण आहे. किल्ली गावात कुणाकडे आहे, ते विचारावं लागतं.

बाकी शेकडो हवेल्या बंद आहेत. मालकी वारसांमध्ये वाटली गेलेली, एकानं खर्च करायचा तर बाकीच्यांच्या सह्या हव्यात. खालून ओल चढते, भिंतीला लोणा लागतो आणि चित्रं पापुद्र्यांनी सुटतात. वरून कुणी सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि उरलेला चुनाही फुगतो. बंद घरात एखादा चौकीदार असतो. आधी हाक मारा, आत घेतलं तर निघताना त्याच्या हातावर काही ठेवा, आणि जुना दरवाजा किंवा खिडकी विकत देऊ केली, तर घेऊ नका.

जयपूरहून नवलगढ गाडीनं तीनेक तास. होळीच्या आठवड्यात जाणार असाल तर खोली आधी सांगून ठेवा.