मानमोडीच्या दिवसांतले सुरतचे मेहताजी

मित्रहो, खानदेशातल्या माणसाला सुरत परकी नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा ही नावं तुमच्यातल्या अनेकांच्या घरात रोज निघत असतील. कुणाचा भाऊ मागावर आहे, कुणाची बहीण तिकडे दिलेली आहे. 2020च्या एप्रिलमध्ये याच सुरतेत यंत्रमागावरचे कामगार ‘आम्हाला गावी जाऊ द्या’ म्हणत रस्त्यावर उतरले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांत तरुणांच्या संघटना काय करत होत्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण तुमच्यातले कितीतरी जण शिधा वाटत, ऑक्सिजनचे सिलिंडर शोधत फिरत होते. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदानाचा आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. म्हणून मी आज 2020वर बोलणार नाही. मी त्याच सुरतेत तिथून 102 वर्षं मागे जाणार आहे.

1918ची इन्फ्लुएन्झाची साथ. आपल्या आज्या-पणज्या तिला मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत आली, जरा ओसरल्यासारखी वाटली आणि सप्टेंबरात परतली ती माणसं मारतच. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. देशभराचा अगदी सावध अंदाज धरला तरी 1 कोटी 20 लाख. त्याच वर्षी पाऊस बुडालेला, धान्य महाग, आणि महायुद्धामुळे बरेच सरकारी डॉक्टर पलटणींबरोबर गेलेले. खेड्यात तर डॉक्टर आधीही नव्हताच.

अशा वेळी सुरतेत तीन माणसं होती. कुंवरजी मेहता, त्यांचे धाकटे बंधू कल्याणजी मेहता आणि दयाळजी देसाई. मेहता बंधू जातीने पाटीदार, पेशाने प्राथमिक शिक्षक. गुजरातीत शाळामास्तराला ‘मेहताजी’च म्हणतात. कुंवरजींनी 1908 साली पाटीदार युवक मंडळ काढलं, ‘पटेल बंधु’ नावाचं मासिक चालवलं. पुढे सुरतेत पाटीदार मुलांसाठी आश्रम उभा राहिला. दयाळजींनी त्याआधीच अनाविल ब्राह्मण मुलांसाठी तसाच आश्रम काढला होता. आश्रम म्हणजे वसतिगृह. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901पासून जातवार बोर्डिंगं उभी केली, ती डोळ्यांसमोर आणा. खेड्यातला मुलगा शहरात यावा, शिकावा, आणि त्याच्याबरोबर त्याची जात पुढे सरकावी, एवढंच सुरुवातीचं स्वप्न. लग्नातला खर्च कमी करा, बालविवाह करू नका, असे विषय.

राजकारणात ही मंडळी टिळकांची. 1907चं काँग्रेस अधिवेशन सुरतेतच उधळलं गेलं. त्या वाऱ्यात हे तरुण वाढले. पुढे स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगमध्ये आले. म्हणजे 1918च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या नेतृत्वाची हत्यारं कोणती होती? सभा, मासिक, गाणी, जातीची परिषद. साथ आली आणि यातलं एकही हत्यार चालेना. सभा कुठे घेणार? ऐकायला कोण येणार?

मग त्यांनी काय केलं, तर आश्रमातली मुलं बाहेर काढली. मुलं सायकलींवर औषधांच्या बाटल्या घेऊन सुरतेच्या मोहल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत फिरू लागली. लस टोचण्याची मोहीम घेतली. जिथे तिरडीला खांदा द्यायला घरात कुणी धडधाकट उरलं नव्हतं, तिथे कल्याणजी स्वतः प्रेतं उचलायला गेले. गावोगावी भाषणं करणारा, कवनं रचणारा माणूस हा. त्या आठवड्यांत त्याचं नेतृत्व खांद्यावर आलं होतं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हा भाग आपण नेहमी घाईने सांगतो आणि चुकीचा सांगतो. ती लस त्या रोगाची नव्हती. इन्फ्लुएन्झा जिवाणूमुळे होतो अशी तेव्हाच्या शास्त्राची समजूत होती, लशी त्या समजुतीवर बनलेल्या. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला 1933 साली. बाटलीतल्या औषधानेही तो ताप मरत नव्हता. मग मुलं गेली ती फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. मानमोडीत अख्खं घर एकदम आडवं होई. पाणी द्यायला, पेज शिजवून घालायला कुणी नसे, आणि कितीतरी माणसं त्यानेच जात. दारात सायकल थांबली, एक मुलगा आत आला, त्याने तांब्या भरून दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, हा खरा उपचार होता. आणि तो करायला डॉक्टर असावं लागत नव्हतं, आधीपासून एका छताखाली राहणारी, एकमेकांना ओळखणारी वीस-पंचवीस पोरं असावी लागत होती. ती साथीच्या आठवड्यात गोळा करता येत नाहीत. आश्रम उभे होते म्हणून ती मिळाली.

दुसरी गोष्ट याहून मोठी. दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींना तेव्हा ‘काळीपरज’ म्हणत. चौधरी, गामीत, धोडिया, दुबळा. दुबळे तर पिढ्यान्‌पिढ्या अनाविल आणि पाटीदार जमीनदारांकडे हाळी म्हणून राबत. हाळी म्हणजे कर्जापायी बांधलेला शेतगडी. त्या पाड्यांवर सरकार पोहोचलं नव्हतं, शहरातले राष्ट्रवादीही पोहोचले नव्हते. औषध घेऊन गेलेली मुलं त्याच जमीनदार जातींतली. मालकाच्या जातीचा मुलगा पाड्यावर कामाला हाक मारायला नाही, औषध द्यायला आला, हे त्या पाड्याने प्रथमच पाहिलं असेल. जातीसाठी काढलेल्या संघटनेचा पाय साथीने जातीच्या कुंपणाबाहेर टाकला, असं माझं मत आहे. परिषदेत ठराव करून हे झालं नसतं.

पण पाय बाहेर पडला म्हणजे कुंपण पडलं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढे 1928 साली बारडोलीत शेतसाऱ्याच्या 22 टक्के वाढीविरुद्ध लढा झाला. वल्लभभाईंना तिथे आणण्यात मेहता बंधूंचा मोठा वाटा होता. 12 फेब्रुवारीला सुरू झालेला लढा ऑगस्टमध्ये संपला, चौकशी होऊन वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. गावोगावच्या छावण्या, बातमी पोहोचवणारे स्वयंसेवक, घरटी माहिती ही शिस्त तिथे दिसते, आणि मला ती वाचताना 1918च्या सायकली आठवतात. पण शेतसाऱ्यात सूट मिळाली ती जमीनवाल्यांना. हाळी त्यानंतरही हाळीच राहिले. औषध देणाऱ्या हातांनी कर्जाची वही फाडली नाही. या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ही बाजू झाकावीशी वाटत नाही.

मधल्या एका प्रसंगाने थांबतो, कारण तो आपल्याकडून तिकडे गेला. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीच्या रोगाच्या, म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या देवीला शांत करण्याचा विधी सुरू झाला. अंगात येणारी ती देवी पाड्यापाड्याने घाट चढली, डांगातून सुरत जिल्ह्यात उतरली, आणि वाटेत तिची वाणी बदलत गेली. दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या गुत्तेवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासी तिच्या मांडवात जमत होते आणि यात शहरातल्या एकाही पुढाऱ्याचा हात नव्हता. कुंवरजींच्या कानावर हे आलं. चार वर्षांपूर्वी त्यांची मुलं औषध घेऊन ज्या मुलखात गेली होती, त्याच मुलखात ते आता स्वतः गेले. मांडवात गर्दी होती, बायका घुमत होत्या, देवी बोलत होती, आणि मेहताजी माणसांत बसून ती काय सांगते ते ऐकत होते.