सूज उतरते ती कशी?

नमस्कार श्रोतेहो.

बाभळीचा काटा पायात मोडला की काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी ठणका सुरू होतो आणि सकाळी बघावं तर जागा लाल, गरम, टरारलेली. काटा निघाला की चार-पाच दिवसांत सगळं निवतं. आपण म्हणतो, सूज आपोआप उतरली. मला आज त्या 'आपोआप'बद्दल बोलायचं आहे, कारण ती तशी उतरत नाही. तिला उतरवावं लागतं.

लाली, सूज, उष्णता, वेदना ही चार लक्षणं रोममधल्या सेल्सस नावाच्या लेखकानं पहिल्या शतकातच लिहून ठेवली होती. पण त्या जागी नेमकं कोण काय करतं, ते कळायला १८८२ साल उजाडावं लागलं. इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. म्हणजे बघा, आपल्या टाचेतली गोष्ट विज्ञानालाही काट्यानंच शिकवली.

आपल्या शरीरात सगळ्यात आधी धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर त्यांची टक्केवारी असते, पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त बहुधा त्याच. हाडांतला मगज दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो. त्या जंतू गिळतात, जहाल रसायनं सोडतात. मात्र ही रसायनं आपलं-परकं ओळखत नाहीत. न्यूट्रोफिल तिथेच फुटत राहिल्या, तर जंतूंबरोबर आपलं मांसही जळेल.

म्हणून त्यांचं आयुष्यच तोकडं असतं, काही तास ते फार तर काही दिवस. काम झालं की पेशी स्वतःला शिस्तीत आवरते, आतली रसायनं बाहेर सांडू न देता मरते आणि मरताना अंगावर 'मला उचला' अशी खूण उमटवते. मग येतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. त्या मेलेल्या पेशी गिळतात. आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हे गिळल्यावर मॅक्रोफेजचा स्वभावच पालटतो. आतापर्यंत आरोळ्या देऊन कुमक मागवणारी पेशी आता 'पुरे, परत फिरा' असे संदेश सोडू लागते आणि जखम भरायला हातभार लावते. (गळवातला पू म्हणजे मुख्यतः उचलायच्या राहिलेल्या न्यूट्रोफिलच.)

दाह, म्हणजे ही लाली-सूज-ठणका, पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं पेशी चरबीपासून बनवतात. थोड्या वेळानं त्याच पेशी चरबीपासूनच दाह शमवणारी द्रव्यं करू लागतात. त्यांतली काही, रिझॉल्व्हिन नावाची, माशांमध्ये मिळणाऱ्या ओमेगा-३ चरबीपासून तयार होतात. बोस्टनच्या चार्ल्स सेरहान यांनी ती शोधून काढली. हे ऐकून लगेच कॅप्सूलची बाटली आणायला धावू नका. शरीरात अशी द्रव्यं बनतात ही एक गोष्ट, आणि बाटलीनं तुमचा गुडघा बरा होईल ही अगदी वेगळी.

याशिवाय नियामक टी-पेशी असतात, त्याही पांढऱ्या पेशीच. त्या इतर पेशींना आवर घालतात, आपल्याच शरीरावर तुटून पडू देत नाहीत. त्यांच्यावरच्या कामासाठी २०२५ चं नोबेल ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं. हा लगाम सुटला की शरीर स्वतःवरच उलटतं. आमवातात सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात, ते त्याचंच एक रूप.

आणि काटा आतच राहिला तर? मॅक्रोफेजना तो पचत नाही. मग कित्येक मॅक्रोफेज एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी करतात आणि काट्याला वेढून टाकतात. हाताला गाठ लागते ती त्यामुळे.

जाता जाता मधुमेह असलेल्या श्रोत्यांना एक सांगतो. तुमच्या तळव्याला बधिरपणा असेल, तर ठणका लागतच नाही, काटा रुतल्याचं कळत नाही आणि पांढऱ्या पेशींचं कामही मंदावलेलं असतं. तेव्हा रात्री झोपण्याआधी दिव्यापाशी बसा आणि दोन्ही तळवे बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगा.

नमस्कार.