रात्रीचा स्कॅन कोण वाचतं?

मंडळी, मेळघाटात किंवा अहेरीकडच्या एखाद्या गावात रात्री दीड वाजता कुणाच्या डोक्याला मार लागला, की आधी १०८ ला फोन जातो. पेशंट ग्रामीण रुग्णालयात येतो आणि तिथून जिल्ह्याला. सीटी स्कॅनचं मशीन बहुतेक वेळा जिल्ह्यालाच असतं. रात्री टेक्निशियन हजर असतो, स्कॅन निघतोही. पण तो त्या वेळी वाचायचा कुणी? जिल्ह्यात रेडिओलॉजिस्ट मोजकेच, आणि जे आहेत ते दिवसभर राबून घरी गेलेले. मी हे रात्रीचं वाचायचं काम दूर बसून, इंटरनेटवरून करते, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

एका जिल्ह्यात रात्री निघणारे स्कॅन थोडे असतात. तेवढ्यासाठी तिथं एक डॉक्टर रात्रभर जागा ठेवणं परवडत नाही. चारपाच जिल्ह्यांचे स्कॅन एका ठिकाणी आले, तर मात्र एक माणूस खरोखर जागा ठेवता येतो. या शतकाच्या सुरुवातीपासून बंगळुरात बसून आपले डॉक्टर अमेरिकेतल्या रात्रीचे स्कॅन वाचत आले आहेत. अमेरिकेची रात्र म्हणजे आपला दिवस, त्यामुळे त्यांना जागावं लागत नाही. गडचिरोलीची रात्र मात्र पुण्यातही रात्रच आणि कोलकात्यातही रात्रच. इथं कुणाला तरी जागावंच लागतं, आणि त्या जागण्याची पाळी, पगार, दुसऱ्या दिवशीची सुटी हे सगळं आधी ठरवावं लागतं. दिवसभर ओपीडीचं काम केलेल्या माणसालाच रात्री उठवून वाचायला लावलं, तर पहाटेच्या वेळी त्याच्या नजरेतून काही ना काही निसटतंच.

आता चित्रं पोचतात कशी ते सांगते. सीटीचा एक काप, म्हणजे आतल्या एका थराचं चित्र, साधारण अर्ध्या एमबीचा. डोक्याचे पातळ काप तीनशेच्या घरात, म्हणजे दीडशे एमबी. अपलोडचा वेग ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, असेल तर पाच मिनिटांत येतात. तोच वेग अर्ध्या एमबीपीएसवर आला की चाळीस मिनिटं लागतात. इंटरनेट घेताना सगळे डाउनलोडचा वेग बघतात, आमचं सगळं काम अपलोडवर चालतं. पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं ठेवावी लागतात आणि जाड काप, जे मोजकेच असतात, ते आधी, पातळ नंतर असा क्रम लावावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत सीटीच्या खोलीतला एसी बंद पडला की मशीनही थोड्याच वेळात बंद पडतं. तेव्हा जनरेटरवर एसीचाही भार धरलेला आहे का, हे विचारून ठेवा.

हे सगळं नसलं की लोक काय करतात, तर स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. यावर मी जरा थांबून बोलणार आहे, कारण या सवयीमुळे जीव जाऊ शकतो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तर, कवटीचं हाड त्याच्या कितीतरी वर. डोळ्याला इतक्या छटा वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यातला थोडासाच पट्टा पडद्यावर आणतो. मेंदू बघायच्या नेहमीच्या पट्ट्यात ८० च्या वरचं सगळं पांढरं दिसतं. कवटीला चिकटून रक्ताचा पातळ थर असेल तर तोही जवळपास पांढराच दिसतो आणि हाडात मिसळून जातो. पट्टा रुंद केला की हाड एकीकडे होतं आणि रक्त वेगळं उठून दिसतं. मूळ फाइल हातात असली तर हे दोन सेकंदांचं काम आहे. फोटोत ते करताच येत नाही, कारण आकडे मागे मशीनमध्येच राहिलेले असतात. शिवाय शंभर कापांतले कुठले तीन पाठवायचे हे ज्यानं ठरवलं, त्यानंच एका अर्थी रिपोर्ट देऊन टाकलेला असतो.

रात्रीचा रिपोर्ट देताना मी स्वतःला एकच विचारते: गाडी कुठं जाणार? इथंच ठेवायचं, की न्यूरोसर्जन आहे तिथं न्यायचं? रानडुकरांपायी जागलीला गेलेला एक तरुण शेतकरी मचाणावरून पडला होता. कानशिलाच्या हाडाला बारीक चीर, आणि तिच्या आत भिंगाच्या आकाराचा रक्ताचा गोळा. तिथली धमनी फाटली की रक्त हाड आणि मेंदूवरच्या आवरणाच्या मध्ये साचत जातं. सुरुवातीचे काही तास माणूस शुद्धीवर असू शकतो, आणि पुढं अचानक ढासळतो. टेक्निशियननं फोन स्पीकरवर टाकला तेव्हा त्याचा भाऊ म्हणाला, "मॅडम, तो तं बोलून राह्यला, चालून राह्यला. काहून नेता नागपूरले?" मी त्याला सांगितलं, की तो बोलतो आहे तोवरच न्यायचं आहे. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांकडून रिपोर्ट शब्दशः परत म्हणवून घेतला, आणि गाडी सुटायच्या आत मूळ फाइल नागपूरच्या सर्जनकडे गेली. तिथं पुन्हा स्कॅन काढावा लागला नाही. पहाटे ऑपरेशन झालं.

उलट बाजूही तितकीच मोलाची आहे. स्कॅन साफ आहे म्हणून जिल्ह्यालाच नजरेखाली ठेवलेला पेशंट म्हणजे एका घराचा नागपूरचा खर्च वाचला. सिरोंच्याहून नुसतं गडचिरोलीला यायचं तरी २०० किलोमीटरच्या आसपास पडतं.

लकव्याचं गणित आणखी कडक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. स्कॅन त्यासाठीच आधी लागतो. पण साडेचार तास मोजायचे कुठून? माणूस शेवटचा नीट दिसला तिथून. रात्री नऊला जेवून झोपला आणि चारला पाणी द्यायला उठताना हात उचलेना, तर घड्याळ नऊला सुरू झालं असं धरतात. मधे लघवीला उठून कुणाशी नीट बोलला असेल, तर त्या एका आठवणीनं इंजेक्शनचा निर्णय बदलू शकतो. डॉक्टर मंडळी, चिठ्ठीवर नुसतं 'हेड इंज्युरी, सीटी ब्रेन' लिहू नका. कुठल्या बाजूला मार, कुठला हात ढिला, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, साप चावला आहे का, एवढं लिहा. घोणसाच्या विषानं मेंदूतही रक्तस्राव होतो, आणि मला साप माहीत असेल तर मी त्या नजरेनं बघते. एकाच अपघातातले दोन बेशुद्ध पुरुष आले तर दोघांनाही 'अनोळखी' लिहू नका. एक आणि दोन असे आकडे द्या, तेच मनगटावरच्या पट्टीवरही लिहा.

सोनोग्राफी या सेवेत येत नाही. ती करणाऱ्याच्या हातात असते, आणि १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे मशीनची जागा आणि वापरणारे डॉक्टर नोंदवलेले लागतात.

शेवटी सकाळबद्दल. रात्रीचा रिपोर्ट प्राथमिक असतो. सकाळी ताजी नजर तो पुन्हा वाचते आणि कधीकधी त्यात भर पडते, एखादी बरगडी, मानेच्या मणक्यातली एखादी बारीक चीर. तोवर कॅज्युअल्टीतला डॉक्टर ड्युटी संपवून गेलेला असतो आणि त्याच्या मोबाइलवर गेलेला मेसेज दुपारपर्यंत कुणी बघत नाही. म्हणून बदल झाला की आम्ही वॉर्डच्या लँडलाइनवर फोन करतो, सिस्टरांचं नाव आणि वेळ लिहून घेतो. तुमच्या रुग्णालयात तो लँडलाइन चालू आहे का, एवढं आज जाताना बघून घ्या.