तळं रात्रीतून पळून जातं का?

(अमेरिकेत राहणाऱ्या मराठवाड्याच्या मंडळींच्या सप्टेंबरच्या मेळाव्यात झालेलं भाषण. लेखी करताना माइकची खरखर आणि मागून आलेले चहाचे निरोप वगळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मराठवाड्याच्या माणसाला पंधरा मिनिटं म्हणजे नुसतं प्रास्ताविक, हे आयोजकांना ठाऊक आहे, म्हणून जेवणाआधी उभं केलंय. आत्ताच १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन झाला, गावाकडच्या ग्रुपवर झेंडावंदनाचे फोटो अजून येताहेत. विषय मात्र दिलाय तळ्यावरच्या उन्हाळ्याचा आणि बागेचा. बोलतो. पण त्याआधी एका पोराचं वाक्य सांगू द्या, ते डोक्यातून जाईना झालंय.

जुलैमध्ये आपल्यातल्या चार कुटुंबांनी मिळून उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी एक घर आठ दिवसांसाठी घेतलं. घराला झोपायच्या खोल्या तीन, माणसं बावीस. त्यात लातूरकडचे एक आबा, मुलाकडं आलेले. आबा रोज रात्री दोन बादल्या, एक पातेलं आणि चहाची किटली पाण्यानं भरून ठेवायचे, मगच झोपायचे. तिसऱ्या रात्री नऊ वर्षांच्या नातवानं विचारलं, "आबा, तळं काय रात्रीतून पळून जाणार आहे का?" सगळे हसले. आबा बादलीवर ताट झाकत म्हणाले, "आमचं गेलतं की."

पोरगं चिवट. "कुठं गेलं?" म्हणालं. तेवढ्यात कुणीतरी आइस्क्रीम काढलं आणि ते राहिलं.

दुष्काळात मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी १२ एप्रिल २०१६ ला लातूरला लागली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. इथं बसलेल्यांना बाकीचं सांगायला नको. त्या वर्षी इथून फोन केला की घरचे आधी पाण्याचं सांगायचे, मग तब्येतीचं. पण पोरांना आपण काय सांगितलं? मंडळाच्या वर्गात त्यांना पसायदान येतं, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या भज्जीचा फोटो दाखवला तर ओळखतात. बादलीवर ताट का झाकतात, ते ठाऊक नाही.

आणि गंमत बघा, आबांचं चुकलं नव्हतंच. तळ्याकाठच्या बहुतेक घरांना नगरपालिकेचं पाणी नसतं. स्वतःची बोअर, आत विजेवरचा पंप, घरात दाबाची एक टाकी. जुलैत वादळं येतात, झाड तारेवर पडतं, वीज जाते आणि पंप बंद. मग दाबाच्या टाकीत उरलेलं वीस-चाळीस लिटर तेवढंच, बावीस माणसांत दात घासेपर्यंत संपतं. समोर मैलभर पाणी आणि संडासात टाकायला तांब्याभर नाही. एका फ्लशला साधारण सहा लिटर लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत दोन माणसांची सोय. त्या आठवड्यात वीज गेली नाही, म्हणून आबा हास्यास्पद ठरले.

आता त्याच संडासाचं पुढचं. ऐकताना नाकं मुरडू नका, आपण सगळे परसाकडं जाऊनच मोठे झालोय. या घरांचं सांडपाणी अंगणात पुरलेल्या टाकीत जातं. तीन खोल्यांच्या घराला टाकी साधारण हजार गॅलनची, म्हणजे पावणेचार हजार लिटर. गाळ खाली बसतो, तेल वर तरंगतं, मधलं पाणी पुढं शोषचरात जातं आणि मातीत मुरतं. आपला शोषखड्डाच, जरा शिकलेला. हिशोब मात्र झोपायच्या खोल्यांवर केलेला असतो, माणसांवर नाही. बावीस जण सकाळी दोन तासांत आंघोळी उरकतात, लगेच कपड्यांची चार मशीन लावतात, तेव्हा टाकीतल्या पाण्याला थांबायला वेळच मिळत नाही. न बसलेला गाळ शोषचरात जातो, मातीची छिद्रं बुजतात, आणि पाणी उतारानं जिकडं जायचं तिकडं जातं. उतार तळ्याकडं असतो. त्यात आपली फोडणी. कढईतलं तेल सिंकमध्ये, चहाचा चोथा सिंकमध्ये, भाताची पेज सिंकमध्ये. कढई आधी कागदानं पुसा, मग धुवा. चोथा गाळून बागेत टाका. कपडे घरी नेऊन धुवा, आठ दिवसांत कुणी उघडं पडत नाही. ज्यांनी स्वतःचं घर घेतलंय त्यांनी टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यायची, गरज असेल तर उपसायची. इथला नियमच आहे तो.

बागेकडं येतो, नाहीतर ज्यांनी वही आणलीय ते रागावतील.

पहिली गोष्ट, उजेड. परभणीला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. इथं जूनमध्ये साडेपंधराच्या पुढं. आपल्याला वाटतं, उजेड जास्त, पीक जास्त. तुरीला तसं वाटत नाही. तूर रात्र मोठी व्हायची वाट बघते. गावाकडच्या आठवणीनं लावलेली तूर इथं डोक्याएवढी होते, हिरवीगार दिसते, शेजारी कौतुक करतात, आणि फुलोरा धरायच्या सुमाराला गोठवणारं दहिवर पडतं की सगळी काळी. दर दोन वर्षांनी आपल्यातलं कुणीतरी हे नव्यानं करतंच. अंबाडीचा स्वभाव तोच, पण तिथं तो आपल्या फायद्याचा. फुलायचं सुचत नाही म्हणून ती पानंच पानं देते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा, सहा आठवड्यांत खुडायला येते, शेंडा मोडत राहा, सप्टेंबरपर्यंत भाजी. वरून लसणाची फोडणी, आत कण्या, पुढचं तुम्हाला येतं. बोंडांची आशा मात्र धरू नका.

मेथी आणि कोथिंबीर उलट्या. दिवस मोठा आणि ऊन तापलं की त्या फुलावर जातात. म्हणून मेच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्टच्या मध्यावर एकदा पेरायची. जुलैत पेरून "इथलं बी चांगलं नाही" म्हणायचं नाही. धणे लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, आठ ते चौदा दिवस धीर धरा. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांची नावं मी घेत नाही.

भेंडीचं गणित वेगळं. चार इंच खाली मातीचं तापमान १८ अंशांच्या वर गेल्याशिवाय बी टाकलं तर ते कुजतं. उत्तरेकडं हे जून उजाडल्याशिवाय होत नाही. बी बारा तास भिजवा, वाफ्यावर काळं प्लॅस्टिक अंथरा, फुटाफुटावर लावा. रोपं करायची तर मातीत विरणाऱ्या कागदाच्या नाहीतर पीटच्या कुंडीत करा आणि कुंडीसकट पुरा, कारण सोटमूळ दुखावलं की झाड महिनाभर रुसतं. पण मुख्य अडचण आपली आहे. भेंडी दर दुसऱ्या दिवशी तोडावी लागते. आपण तळ्यावर जातो शनिवारी. पुढच्या शनिवारपर्यंत तिची काठी झालेली असते आणि बी धरलेलं झाड नवीन फूल द्यायला कंटाळतं. शनिवार-रविवारच्या शेतकऱ्यानं तळ्यावर मिरची, टोमॅटो, कांदा आणि लसूण लावावा, भेंडी शहरातल्या घरी. लसूण तर या घरांसाठीच जन्मलाय. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाकळ्या दोन इंच खोल, सहा इंचांवर लावा, वर चार इंच काड पसरा आणि विसरून जा. बर्फ त्याच्यावरून जातं. जुलैच्या मध्यानंतर खालची पानं वाळायला लागली की उपटा. हरणं लसणाला सहसा तोंड लावत नाहीत. बाकी सगळ्याला लावतात. त्यांना अडवायचं तर आठ फुटी जाळी, कमी उंचीची ती हसत ओलांडतात. माळ्यावर बसून जागल करायची तयारी असेल तर प्रश्न नाही.

बी गावाकडून बॅगेत घालून आणू नका. त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. "लोणच्याच्या बरणीखाली दिसत नाही" हे तंत्र मलाही ऐकून माहीत आहे. तरीही नको.

दुसरी गोष्ट, पाणी. तळ्याकाठची माती बरेचदा रेताड, आपल्या काळ्या रानाच्या अगदी उलट. आपल्याकडं कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात, भेगा बुजतात म्हणून. इथं भेगाच नाहीत, पाणी सरळ खाली जातं. इथं कोळप्याचं काम आच्छादन करतं. दोन-तीन इंच कुजलेलं खत मातीत मिसळा आणि वर तीन इंच काड. भाजीला आठवड्याला इंचभर पाणी पुरतं. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला इंचभर म्हणजे सुमारे २३६ लिटर. पंधरा लिटरच्या घागरींत मोजलं तर सोळा घागरी. आबांनी हे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे सोळा खेपा?" त्यांनी स्प्रिंकलरकडं बघितलं. स्प्रिंकलर दुपारी दोन वाजता रस्ता भिजवत होता.

खताला आपण फार सढळ. दहा-सव्वीस-सव्वीस आपल्याला पाढ्यासारखं पाठ. इथं हिरवळीच्या खताच्या पिशवीवर मधला आकडा शून्य असायला हवा. मधला आकडा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. मिनेसोटात २००५ पासून राज्यभर हिरवळीला स्फुरद घालायला बंदी आहे, नवीन हिरवळ किंवा माती तपासून कमतरता निघाली तर सूट. कारण साधं आहे, किलोभर स्फुरद पाण्यात गेलं की त्यावर पाचशे किलोपर्यंत शेवाळ पोसू शकतं. भाजीच्या वाफ्याला ही बंदी नाही, पण शेणखतातही स्फुरद असतं आणि पाऊस दोघांनाही सारखाच वाहून नेतो. म्हणून वाफा काठापासून जमेल तेवढा वर, आणि खताआधी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माती तपासा.

काठाचंही तेच. आपल्याला पाण्यापर्यंत कापलेली हिरवळ हवी असते, फोटोत बरी दिसते. त्या हिरवळीवर बदकांचे मोठे भाऊबंद, कॅनडा गीज, सहकुटुंब राहायला येतात आणि मागं काय ठेवतात ते पोरांच्या चपला सांगतात. काठाला दहा-पंधरा फूट उंच गवत आणि रानफुलं राहू द्या, डॉककडं, म्हणजे पाण्यात काढलेल्या धक्क्याकडं जायला पाच फुटांची वाट. उंच गवतात कोल्हा असेल म्हणून गीज शिरत नाहीत. त्यात मिल्कवीड लावा. ती आपल्या रुईच्याच कुळातली, पान मोडलं की तसाच चीक येतो, आणि मोनार्क फुलपाखरं त्याच्यावरच अंडी घालतात. आबांनी ती न सांगता ओळखली. मारुतीला शनिवारी काय वाहायचं ही त्यांची अडचणही सुटली.

पोहण्याबद्दल थोडक्यात. आपल्यातले निम्मे विहिरीत ढकलून शिकलेले आणि उरलेले निम्मे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फोटो काढणारे. दहा वर्षांखालच्या पोरांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं इथं कायद्यानं सक्तीचं आहे. डॉकवर कायदा नाही, पण तिथंही घाला. आणि विसर्जन तळ्यात नको. रंग न दिलेली शाडूची मूर्ती बादलीत ठेवा, विरघळली की माती झाडाच्या बुडाला. बादली आबांकडं असतेच.

आता त्या पोराकडं परत येतो. त्यानं विचारलं, कुठं गेलं? आइस्क्रीम संपलं तरी उत्तर द्यायचं राहिलंय. पाऊस कमी झाला, हे अर्धं उत्तर. आपल्याकडं पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पाटानं पाणी दिलेला ऊस दोन हजाराच्या पुढं पितो. मी इथं उभा राहून सोळा घागरींचा हिशोब सांगतो, ठिबकच्या नळ्या दाखवतो, आणि या हॉलमध्ये हात वर करायला सांगितले तर गावाकडं ऊस असलेले किती निघतील? नका करू वर. मला माहीत आहे ऊस का आहे. मालक परदेशात, भाऊ संभाजीनगरला, रान बटईनं. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, कापसाला वेचणी, तुरीला फवारणी. ऊस एकदा लावला की कुणी नसलं तरी उभा राहतो आणि कारखाना घेऊन जातो. गैरहजर माणसाचं पीक आहे ते. आपलं पीक.

आबा ऑगस्टमध्ये परत गेले. परवा त्यांनी मुलाला फोनवर विचारलं, यंदा तोड लवकर मिळेल असं दिसतंय, ऊस तुटल्यावर बुडख्यांतून फुटणारा खोडवा ठेवायचा की मोडायचा. मोडला तर तिथं तूर-सोयाबीन, पण मग बघायला कोण? नातू शेजारी बसून ऐकत होता. मुलानं सांगितलं, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. त्यानं मलाच विचारलंय, आणि मीही कळवलेलं नाही.