करवत हातात घेण्यापूर्वी

नमस्कार. घरच्या घरी सुतारकाम करायला निघालेल्या मंडळींशी बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. बहुतेकांना पहिल्यांदा पुस्तकांची मांडणी करावीशी वाटते, म्हणून तेच उदाहरण धरून बोलतो. माझं म्हणणं असं की ही मांडणी टिकणार की नाही, हे बरंचसं कागदावरच ठरतं. हात सरावानं बसतो. पण लांबी ठरवतानाच चूक झाली, तर कितीही सफाईनं कापलेली फळी वाकणारच.

आता ही लांबी कशी ठरवायची ते बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पुस्तकांची मीटरभर ओळ सहज 25-30 किलो भरते. असं वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असलं, की फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. 60 सेंटिमीटरची फळी 90 सेंटिमीटर केली, तर लांबी दीडपट होते आणि बाक पाचपट. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायची 60 सेंटिमीटर फळी पुस्तकांनी भरली तर मिलिमीटरभरही दबत नाही. तीच 90 सेंटिमीटरची असेल तर तीन-साडेतीन मिलिमीटर दबते, आणि तेवढ्यावर थांबत नाही. वजन कायमचं असलं की लाकूड महिनोन्‌महिने हळूहळू आणखी बसत जातं. फळी उलटी करून ठेवली की काही दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच.

जाडी वाढवली तर ताठपणा घनाच्या प्रमाणात वाढतो. 18 ऐवजी 25 मिलिमीटर घेतलं तर फळी अडीचपटीहून जास्त ताठ होते, पण वजनही वाढतं. त्याआधी मी दोन साधे उपाय सुचवीन. लांब फळीच्या मध्ये एक उभा आधार द्या, किंवा फळीच्या पुढच्या कडेला चार सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी उभी करून डिंकानं चिकटवा. त्या पट्टीनं बाक निम्म्याहून खाली येतो आणि प्लायची उघडी कडही झाकली जाते. मला स्वतःला हा उपाय फार आवडतो. शिवाय प्लाय कापताना वरच्या पदराचे रेषे फळीच्या लांबीला समांतर ठेवा, कारण त्या दिशेनं प्लाय जास्त ताठ असतं.

दुसरा निर्णय सांध्यांचा. फळीचं वजन कशावर टेकणार आहे, हे चित्रात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बाजूच्या फळीतून आडवे स्क्रू मारले, तर सगळा भार त्या स्क्रूंवर येतो, आणि लाकडाच्या टोकात किंवा प्लायच्या कडेत स्क्रूची पकड कच्चीच असते. उभ्या फळीत पाच-सहा मिलिमीटर खोल खाच पाडून त्यात आडवी फळी बसवली, तर वजन लाकडावर टेकतं. स्क्रू आणि डिंक मग फक्त धरून ठेवायचं काम करतात. स्क्रू लावायचाच असेल तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर कड फाटते.

खाचेची रुंदी मात्र टेपनं मोजू नका. 18 मिलिमीटर म्हणून आणलेलं प्लाय नेमकं 18 भरेलच असं नाही. जी फळी बसवायची तीच उभीवर ठेवा आणि धारदार सुरीनं तिच्या दोन्ही बाजूंना रेघ ओढा. आकडा मध्ये आलाच नाही, तर आकड्याची चूकही येत नाही. सारख्या मापाचे तुकडेसुद्धा एकाच नमुन्यावरून आखावेत. आणि करवतीचं पातं स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खातं, हे कागदावर धरा. 2440 मिलिमीटरच्या प्लायमधून 610 चे चार तुकडे हिशेबात निघतात, पण तीन काप म्हणजे यंत्राच्या करवतीनं आठ-नऊ मिलिमीटर भुसा झालेला असतो.

चौकट काटकोनात आहे का, हे डिंक ओला असतानाच तपासायचं. दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले की झालं. पाठीला सहा मिलिमीटरचं प्लाय लावलंत की मांडणी डावी-उजवीकडे हलायची थांबते. पाठ शोभेची समजून गाळणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांना कळकळीनं सांगतो की ती गाळू नका.

सलग लाकूड वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. ओलाव्यात चार टक्क्यांचा बदल झाला, तर 60 सेंटिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा तीन ते पाच मिलिमीटर फुगतो किंवा आक्रसतो. माथा खालच्या चौकटीला सगळीकडून घट्ट चिकटवला, की तो कुठेतरी तडकतो. म्हणून चौकटीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवतात, माथ्याला सरकायला जागा राहते. प्लायमध्ये एकाआड एक पदर आडवे असल्यानं ही काळजी फारशी नसते.

घासण्याबद्दल थोडक्यात: 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 120, मग 180, नेहमी रेषांच्या दिशेनं. तोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलं आहे. जवसाचं तेल लावणार असाल तर भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शेवटचं, घरात लहान मुलं असणाऱ्यांसाठी विशेष. उंच मांडणी वरच्या बाजूनं एका पट्टीनं भिंतीला पक्की बांधा. मुलं फळ्यांवर पाय देऊन चढतात, आणि भरलेली मांडणी पुढे झुकायला त्यांचं वजन पुरतं. ही पट्टी कुठे बसणार, हेही पहिल्या चित्रातच काढा, म्हणजे पाठीमागे तिला मजबूत लाकूड मिळेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.